दोन्ही हात वॉकरवर

पुण्याजवळ भुकूमला आमच्या घरमालकीणकाकू मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. हाडात सळई घालून स्क्रूने आवळली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं: रोज वॉकर धरून चाला. पडून राहिलात तर पाय आखडेल, पुन्हा पडलात तर सगळंच अवघड होईल. काकू मात्र खुशीत होत्या. भेटायला येणाऱ्याला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून स्वतःची सळई दाखवायच्या.

मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू, लातूरची, लॅपटॉपवर घरूनच काम करणारी. दोन वर्षांत आमचं नातं जिन्यात हसण्यापलीकडे गेलं नव्हतं. पण त्यांची सून पिरंगुटला कंपनीत जायची, म्हणून सकाळी काकूंना चालवायचं काम माझ्याकडे आलं.

नेमके तेव्हाच त्यांचे थोरले दीर ओसरीत येऊन बसत. येत ते काळजीपोटीच. काकू त्यांच्यासमोर कधी उघड्या डोक्याने वावरल्या नव्हत्या. दर दोन पावलांनी पदर घसरायचा, तो सावरायला काकू एक हात सोडायच्या आणि वॉकर तिरका व्हायचा. एकदा तर त्या पुरत्या कलल्या. मी कमरेला मिठी मारली म्हणून वाचल्या. आत गेल्यावर म्हणाल्या, आता चालणं बंद.

पदर राहू द्या, असं सांगणारी मी कोण? दुसऱ्या दिवशी मी माझ्या केसांच्या सगळ्या पिना घेऊन खाली गेले. त्यांचा पदर त्यांच्या डोक्यावर घेतला आणि कानांमागे, माथ्यावर पिना खोचत गेले.

"नवरीगत सजवतीस व्हय मला?" काकू म्हणाल्या, पण मान हलवली नाही.

त्या दिवशी दोन्ही हात वॉकरवर राहिले. खोली, मग ओसरी. दारात मात्र दिरांची खुर्ची आडवी. काकू त्यांच्याशी थेट कधी बोलत नसत, निरोप दुसऱ्याच्या तोंडून जायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती वॉकर सावरत राहिले.

मग त्याच म्हणाल्या, "आबा, खुर्ची मागं घ्या. मला भाईर जायचंय."

आबा गडबडून उठले. खुर्ची भिंतीला लावली आणि स्वतःही भिंतीला चिकटून उभे राहिले. "जा की," म्हणाले, "लांबपतूर जा."

काकूंना फाटकापर्यंत जायचं होतं. वर माझी मीटिंग सुरू झाली होती. आम्ही फाटकापर्यंत गेलो.