रविवारचा लाल दिवा

हावेआकाकांची गाडी फक्त रविवारी बिघडायची. सोमवार ते शनिवार होउमा गावाहून राजधानी नुकुअलोफाच्या बाजारात कसावा आणि रताळी नेताना ती अगदी शहाण्यासारखी वागे. रविवारी सकाळी चर्चला जायला फाटकाबाहेर पडली, की एअरबॅगचा लाल दिवा लागलाच! दिवा लागला याचा अर्थ सरळ होता. आता धडक बसली तर गाडीतला एकही फुगा उघडणार नाही, काकांचाही नाही आणि शेजारी बसणाऱ्या काकूंचाही नाही.

गाड्यांच्या वायरी दुरुस्त करणारी तोआकासे गावातच राहायची. वय चाळीस, वजन जेमतेम पन्नास किलो. होउमात एवढ्या वजनाच्या बाईला लोक आजारी समजतात आणि भेटेल तिथे खायला घालतात. तिच्या पत्र्याच्या शेडवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘दिवा काढून मिळणार नाही.’ गिऱ्हाईकं हसायची. दुसरीकडे सगळेच तो दिवा काढून देतात. बिघाड आत तसाच राहतो, पण डोळ्यांत खुपत नाही. थर्मामीटर फोडला की ताप गेला, असली अक्कल!

चार वर्षांपूर्वी तोआकासेनेही हीच अक्कल चालवली होती, तीही धाकट्या बहिणीच्या गाडीत. “ताई, काढ ना तो मेला दिवा, किती छळतो,” असं नाइते म्हणाली आणि हिने काढून दिला. दोन महिन्यांनी गाडी नारळाच्या झाडावर आदळली. फुगा उघडला नाही आणि नाइतेचा जबडा दोन ठिकाणी मोडला. नाइते ताईला एका शब्दाने बोलली नाही. पण तेव्हापासून ती कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर बसायची नाही. मागे बसून गप्पा मारायची, हसायची, पण मागेच. तिला मागचं दार उघडताना पाहिलं, की तोआकासेला दर वेळी स्वतःची लाज वाटायची.

काकांची गाडी तिसऱ्यांदा शेडमध्ये आली तेव्हा काका वैतागले होते.

“पोरी, सोमवारी दुपारपर्यंत वाट बघतो. नाहीतर माझा पुतण्या तेविता दिवा उपटून टाकणार. त्याला पाच मिनिटं पुरतात.”

“काका, तेविताला गाडीचं काय कळतं? त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत!”

“चपला नसतील सापडत, दिवा सापडेल,” काका म्हणाले.

स्कॅनर दर वेळी एकच गोष्ट सांगायचा: चालकाच्या सीटखालची वायर, धडकेत सीटबेल्ट आवळून धरणाऱ्या यंत्राकडे जाणारी. तोआकासेने पिवळा प्लग बदलला, वायर हलवली, सीट दहा वेळा मागेपुढे सरकवली. स्वतः बसून गावभर गाडी हाकली. दिवा लागेल तर शपथ! तिच्या नाकी नऊ आले. मग रविवारी काय होतं ते रविवारीच बघायचं, असं तिने ठरवलं.

पण आपल्या होउमात रविवारी काम करायला कायद्यानेच बंदी आहे. स्क्रूड्रायव्हर हातात दिसला तर पोलिसांच्या आधी शेजारणी येतील. म्हणून तोआकासे चर्चचे कपडे घालून रिकाम्या हाताने काकांच्या गाडीत मागे बसली. शेजारी, काकांच्या बरोबर पाठीमागे नाइते होती. ती दर रविवारी तिथेच बसायची.

काका आले. कोट, चर्चला किंवा मयताला जाताना कमरेला गुंडाळतात ती चटई, जाडजूड आणि नवी, वर काथ्याची दोरी आवळलेली. एकशेतीस किलोंचे काका त्या चटईत वाकणार कसे? त्यांनी सीटखालची दांडी ओढली आणि खाड्! सीट पार शेवटच्या खाचेत गेली.

“आई गं, माझे गुडघे!” नाइते ओरडली. “काका, दर रविवारी माझी चटणी करता तुम्ही! परवा बाजारात नेलंत तेव्हा मी पाय पसरून बसले होते.”

तोआकासेने बहिणीकडे पाहिलं. तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्या चटईकडे पाहिलं. गाडी फाटकातल्या खड्ड्यावरून उडाली आणि दिवा लागला.

“सापडला!” ती किंचाळली. “थांबवा! नको, चालू द्या! काका, तुमची चटई! तुमची चटई आणि तुमचं वजन!”

“माझ्या वजनाने तुझं काय घोडं मारलंय?” काका म्हणाले.

“आज रविवार आहे गं बाई,” काकू म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तोआकासेने सीट सरकवली होती, पण रिकामी. बसली होती, पण पन्नास किलोंची बाई, सीट पुढे ओढून. त्या दिवशी चर्चमध्ये तिने प्रत्येक भजन अर्धी ओळ आधी संपवलं.

सोमवारी सकाळी तिने काकांना रविवारच्या थाटात बोलावलं. सोमवारी कमरेला चटई बघून रस्त्यातल्या सहा जणांनी विचारलं, “कोण गेलं हो?”

“माझा दिवा,” काका सांगत आले.

तोआकासेने बॅटरी सोडली आणि उरलेली वीज उतरेपर्यंत थांबली. फुग्याला किंवा बेल्टच्या यंत्राला मीटर थेट लावायचा नसतो. तेवढ्या विजेनेही आतल्या दारूचा बार उडू शकतो. तिने वायर दोन्ही टोकांना सोडवली, फक्त वायरीलाच मीटर लावला आणि टॉर्च घेऊन सीटखाली शिरली.

“बसा काका! शेवटच्या खाचेत!” मीटरचा आकडा उडाला. “उठा!” आकडा खाली. “बसा! उठा! बसा!”

“अगं, मी चर्चचा कारभारी आहे, बेडूक नाही!”

सीटची स्प्रिंग खाली दबून वायरीला लोखंडी पट्टीवर चिरडत होती. वरचं आवरण घासून गेलं होतं आणि आत तांब्याच्या दोनच तारा धड राहिल्या होत्या. आनंदाने तिला सीटखालीच रडू आलं. तिने ती वायर फेकून दिली, तशीच दुसरी घातली, स्प्रिंगपासून लांब वळवून पक्की बांधली. जोडाजोडीची मलमपट्टी केली नाही.

“सगळे करतात तसा दिवा काढून मोकळी का झाली नाहीस?” काकांनी चटई सोडत विचारलं.

“एकदा झाले होते,” ती म्हणाली. “नाइतेच्या गाडीत.” हे ती कुणाजवळ पहिल्यांदाच बोलली. शेडच्या दारात काकांसाठी नारळ सोलत बसलेल्या नाइतेने मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी काकांनी सीट खाड्कन मागे ढकलली आणि किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, तसा तो सुरुवातीला लागतोच. सगळ्यांनी मोठ्याने मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. दिवा विझला. फाटकातला खड्डा आला, गेला. दिवा विझलेलाच होता.

“काका, थांबवा जरा,” नाइते म्हणाली. ती खाली उतरली आणि तिने पुढचं दार उघडलं.

“काकू, तुम्ही मागे ताईजवळ बसा,” ती म्हणाली. “आज पुढे मी बसते.”