सात भिंतींवर एकच छाती

“सैनिकाचा खांदा सरळच असतो!” प्रशीलनं माऊस टेबलावर आपटला. “उतरत्या खांद्याचा फोटो चौकात लावायचा? लोक हसतील.”

“प्रेमराजचा होता उतरता. डावा,” मृणाली म्हणाली. “त्याच्या आईनं सांगितलंय.”

“आणि त्याच्या भावानं सांगितलंय, छाती भरलेली पाहिजे, पदकं दिसली पाहिजेत. उद्याच्या स्मृतिदिनाची ऑर्डर अभिमननं दिलीय, आईनं नाही.”

“पदकं मिळाली होती त्याला?”

प्रशील पुन्हा माऊस हलवू लागला. पिंप्राळ्यातल्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचा स्टुडिओ. मधे फक्त पडदा. पडद्यापलीकडं लिलाबाई, प्रशीलची आई, वांगी चिरत होत्या. त्यांची विळी थांबली, म्हणजे कान इकडं लागले.

मृणाली या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा काढता येत नव्हतं. पण खेड्यापाड्यांतल्या लग्नांत नवरीच्या खोलीत बाईमाणूसच फोटोला हवं, म्हणून प्रशीलनं तिला शिकवलं आणि दोन वर्षांत ती त्याच्यापेक्षा बरे फोटो काढू लागली. हे तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा.

चार वर्षांपूर्वी चाळीसगावकडच्या एका गावात शहीद जवानाच्या अंत्यविधीला ती गेली होती. अंगणात वीसेक कॅमेरे आईच्या तोंडाशी लागलेले. मृणालीनं आपला खाली घेतला आणि घराच्या मागं गेली. तिथं त्या जवानाची बायको म्हशीला पाणी पाजत उभी होती. माणूस गेला तरी जनावराला तहान लागतेच. त्या दिवशी तिनं फोटो काढला नाही. महिन्यानं पुन्हा गेली, तिसऱ्या खेपेला काढला.

तेव्हापासून तिची हीच रीत. पहिल्या फेरीला कॅमेरा न्यायचा नाही. घरचे आपणहून दुसरा चहा ठेवतील त्या दिवशी विचारायचं. छापलेला फोटो आधी त्या घरात दाखवायचा. तिथं कोणी मान हलवली तर तो कुठंच जायचा नाही. अशी एकोणीस घरं झाली होती. धुळ्याच्या एका महाविद्यालयात त्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, लोकांनी तिला शहाणी म्हटलं. तिलाही ते पटलं होतं.

मग मागच्या आठवड्यात ती पाचोऱ्याजवळच्या खेड्यात प्रेमराजच्या आईकडं, सुनंदाबाईंकडं गेली. प्रेमराजला जाऊन तीन वर्षं होत आली होती. दुसरा चहा ठेवून सुनंदाबाईंनी धान्याच्या कोठीमागून एक मोठा फोटो ओढून काढला. तोंड भिंतीकडं करून ठेवलेला. पाहुणे येणार असले की अभिमन तो दर्शनी भिंतीवर टांगायचा, हार घालायचा. पाहुणे गेले की सुनंदाबाई तो हारासकट कोठीमागं लावायच्या.

“तोंड त्यानं शे,” त्या म्हणाल्या, “पन आंग कोनं शे, माय? मना पोऱ्याना डावा खांदा उतरेल व्हता.”

मृणालीनं पदरानं काच पुसली आणि तिचा हात थबकला. शर्टाचं दुसरं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. तो दोरा तिनंच ओवला होता. अकरा वर्षांपूर्वी धुळ्याहून नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातली वर्दी भाड्यानं आणून प्रशीलनं अंगावर चढवली होती. फोटो तिनं काढला होता. कोणा गेलेल्या जवानाचा घरी साध्या कपड्यातलाच फोटो असला, तर त्याचं तोंड या वर्दीवर बसवता यावं म्हणून. हार प्रेमराजच्या नावाचा होता आणि तिच्या नवऱ्याच्या छातीवर लोंबत होता.

ती तिथं काही बोलली नाही. चहा संपवून घरी आली. ते न बोलणंच तिला आठवडाभर खात होतं. “मी कॉम्प्युटरमध्ये शोधलं. या वर्दीवर तोंड बसवलेले फोटो सात घरांत गेलेत,” आता ती प्रशीलला म्हणाली.

“काय शोधलं?” पडदा सारून लिलाबाई आत आल्या. कॉम्प्युटरवर उघडा असलेला प्रेमराजचा तोच फोटो त्यांनी वाकून पाहिला. “हे बटण... खाकी रीळ सापडेना म्हणून मी काळं दिलं होतं तुला.” त्या स्टुलावर बसल्या. “अरे प्रशील, जित्या माणसाच्या छातीवर लोक हार घालताहेत, आणि तू मला ही वर्दी कॅलेंडरच्या फोटोसाठी म्हणून सांगितलंस?”

“आई, धंदा आहे हा. सगळेच करतात.” प्रशीलचा आवाज उतरला. “एका आईला कळलं. बाकीच्या सहा घरांनी मनाची समजूत घातलीय. तू जाऊन ती मोडणार, मृणाली?”

“त्यांना कळलं नाही कशावरून? सुनंदाबाईंनी तीन वर्षं कोणाला सांगितलं होतं?”

मृणालीनं ड्रॉवरमधून पोस्टकार्डाएवढा फोटो काढला. सुनंदाबाईंच्या जुन्या मोबाईलमधला. बराकीच्या पायरीवर प्रेमराज, टोपी काखेत, हातात चहाचा मग, हसतोय. डावा खांदा चांगला बोटभर खाली.

“मोठा केला तर फुटेल, नुसते ठिपके दिसतील,” प्रशील सवयीनं म्हणाला.

“मोठा करायचाच नाही.”

लिलाबाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला. “हा कोणाचा तरी मुलगा दिसतो,” त्या म्हणाल्या आणि परत वांग्यांकडं गेल्या.

मृणालीनं कॉम्प्युटर बंद केला.

“वर्दीची फाइल मी सकाळीच काढून टाकलीय,” तिनं आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. “उद्या चौकात हाच फोटो लागेल, एवढाच. अभिमनला मी समोर बसून सांगेन. रविवारपासून बाकीची सहा घरं. आई, सकाळी डबा दोघांचा करा. हे माझ्यासोबत येताहेत.”