पाच ड्रमांचा घोर

कलावतीताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, हे आधीच कबूल केलेलं बरं. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. मी सेंट्रिंगचा मिस्त्री, म्हणजे स्लॅब पडण्याआधी त्याच्या खाली फळ्या आणि लाकडी बल्ल्या उभ्या करणारा माणूस. ताई घमेली वाहणाऱ्या बायांच्या मुकादम होत्या. बायांना वर पाठवण्याआधी त्या खाली वाकून माझी एकेक बल्ली हलवून पाहत होत्या. मला राग आला.

"बाई, ह्या बल्ल्या मी ठोकल्यात," मी म्हणालो.

"म्हणूनच तर हलवून राहिले," ताई म्हणाल्या.

बाया खिदळल्या. चौथी बल्ली खरंच हलली. मी मुकाट्यानं पाचर ठोकली, आणि त्या दिवसापासून वयानं चार वर्षांनी मोठा असूनही मी त्यांना गुरू मानत आलो आहे. शाळा आमची दोघांचीही चौथीपुरतीच. पुढचं सगळं दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता शिकलो.

आज ताईंच्या कुटुंबाचे काँक्रीट पंप जिल्हाभर फिरतात, तेव्हा लोकांना वाटतं की हा धंदा यंत्रानं वाढला. मला जे ठाऊक आहे ते वेगळं आहे, आणि या गौरवग्रंथाच्या वाचकांसाठी तेवढंच नीट लिहून ठेवणार आहे.

त्या काळी माल हातानं कालवत. जमिनीवर खडी, वाळू, सिमेंट पसरायचं आणि फावड्यानं उलथंपालथं करायचं. ताईंचे यजमान सोपानराव यांनी धरणाच्या कामावरून मोडीत निघालेला एक डिझेलचा मिक्सर आणला, महिनाभर खटपट करून तो चालता केला. एका ड्रमात एक पोतं सिमेंटचा माल व्हायचा. या मशिनीवरचा पहिला स्लॅब होता हिंगोलीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या घराचा. गुरुजी शिस्तीचे. "सोपानराव, माझी उभ्या जन्माची पुंजी तुमच्या मशिनीच्या तोंडात घालतोय," असं म्हणून ते साखरा या गावी पाहुण्यांच्या लग्नाला गेले.

स्लॅबच्या दिवशी नारळ फोडून गूळ वाटायची आपल्याकडची रीत. ताईंच्या सासूबाई सखूबाई यांनी नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. संध्याकाळपर्यंत काम उरकलं. हातानं दोन दिवस लागले असते. आम्ही हरखून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी मारायला वर गेलो. जिथून काम सुरू केलं होतं त्या कोपऱ्यात पाय ठेवला तर पाऊल उमटलं. पलीकडचा स्लॅब दगडासारखा आणि तो कोपरा शेणाच्या सड्यासारखा ओला. ताईंना हाक मारली. त्यांनी अंगठा दाबून पाहिला. अंगठा नखापर्यंत आत गेला.

"थंडी हाय. दुपारपोतर धरंल," सोपानराव म्हणाले.

दुपारी धरला नाही. तिसऱ्या प्रहरी सिद्धेश्वरच्या धरणावर काम केलेले एक म्हातारे ओव्हरसियर, खानसाहेब, यांना बोलावून आणलं. त्यांनी चिमूटभर माल बोटांत चोळला, हुंगला आणि विचारलं, "इसमें शक्कर किसने डाली रे?"

साखर पडली की सिमेंट धरत नाही, हे आम्हांला कोणी शिकवलंच नव्हतं.

सखूबाई खाली घमेली धूत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मशिनीचं तोंड गोड केलं म्या. एक खडा टाकला. पहिल्याच ड्रमात."

सोपानराव आईवर कडाडले. तसं ओरडताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. ताई मध्ये उभ्या राहिल्या. "आता ओरडून माल वाळणार हाय का?" एवढंच म्हणाल्या.

एका ड्रमाचा माल म्हणजे खाटेएवढा कोपरा. तेवढा काढला की झालं, असा हिशेब करून आम्ही सोललो. पण त्या कोपऱ्याला लागूनचा भागही दुसऱ्या सकाळी लोण्यासारखाच होता. मग हे कुठवर गेलंय? अर्ध्या स्लॅबपर्यंत? आतून पोकळ राहून वरून धरल्यासारखा तर दिसत नाही ना? मला अन्न गोड लागेना. बल्ल्या तर काढाव्याच लागणार होत्या, आणि त्या काढणार कोण, तर मीच.

सोपानराव हळूच म्हणाले, "कोपरा धरंल तसा धरंल. वरून सिमेंटचा हात मारू. गुरुजीला काय दिसून राहिलं?"

"गुरुजींना न्हाई दिसणार," ताई म्हणाल्या. "पन खाली लेकरं झोपतील का न्हाई त्यांची?"

त्या संध्याकाळी घरी ताई सासूबाईंच्या शेजारी चुलीपाशी बसल्या. मी ओट्यावर होतो म्हणून कानावर पडलं. सखूबाईंनी कालपासून काही खाल्लं नव्हतं.

"आत्याबाई, भाकर खा आधी. मी रागावले न्हाई."

"मला गिळत न्हाई गं."

"एकच खडा होता का?"

ताईंनी तव्यावरची भाकर उलटली. मग सखूबाई रडायला लागल्या. "पाच होते. पाच ड्रमांत पाच. सवाष्णीची ओटी पाचानं भरतेत, तशी भरली म्या मशिनीची. सोपान मारंल म्हणून एक सांगितला."

"बरं झालं सांगितलंत," ताई म्हणाल्या. "आता आम्हांला ठावं झालं कुठवर काढायचं ते. मी तर अर्धा स्लॅब फोडायला निघाले होते."

मंडळी, मी पुष्कळ साहेब पाहिले, पुष्कळ चौकशा पाहिल्या. माणसाला न दुखवता खरं बाहेर काढणं मला त्या चुलीपाशीच पाहायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच ड्रमांचा माल, टणक लागेपर्यंत, काढून टाकला. सळया घासून धुतल्या, खानसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे सांध्याला जादा सळया बांधल्या. प्रश्न सिमेंटचा होता. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिट म्हणजे तहसीलच्या चकरा. ताईंनी स्वतःच्या घराच्या फरशीसाठी वर्षभर धडपडून मिळवलेली पाच पोती आतल्या खोलीत ठेवली होती. ती त्यांनी बाहेर काढली. त्यांच्या घरात पुढची तीन वर्षं शेणाचीच जमीन राहिली.

गुरुजी परतले. सोपानराव मागे उभे राहिले. ताईंनीच पदर सावरून सगळं सांगितलं: चूक काय झाली, किती काढलं, किती नव्यानं भरलं. फक्त गूळ कोणी टाकला ते सांगितलं नाही. "आमच्याकडून पडला," म्हणाल्या.

गुरुजींनी विचारलं, "बाई, मी या छताखाली झोपावं की नाही, तेवढं सांगा."

"आज न्हाई सांगता येत, गुरुजी. बल्ल्या काढल्यावर सांगते."

नवा माल पक्का होईपर्यंतचे ते तीन आठवडे कसे गेले ते माझं मला ठाऊक. गावात 'गुळाचा स्लॅब' असं नाव पडलं. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल मला विचारायचे, "मिस्त्री, छताला मुंग्या लागल्या का?" दोन ठिकाणची ठरलेली कामं सुटली. मिक्सर अंगणात पोत्याखाली झाकून ठेवला होता. ताई रोज सकाळ-संध्याकाळ गुरुजींच्या स्लॅबवर पाणी मारायला स्वतः जायच्या, कोणाला पाठवायच्या नाहीत.

बल्ल्या काढायच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं. मी आत गेलो तर त्याही मागोमाग आल्या. "ताई, तुम्ही बाहेर व्हा," मी म्हणालो.

"मिस्त्री, तुमची मंडळी बाहेर उभी हाय. तिला काय सांगू, की मी दारातून बघत होते?"

मधल्या बल्लीपासून सुरुवात केली. एकेक पाचर सुटत होती आणि आम्ही दोघं वर पाहत होतो. शेवटची बल्ली त्या कोपऱ्यातली. ती काढली तेव्हा एक फळी सुटून दणकन खाली पडली. बाहेर बाया किंचाळल्या. धूळ बसली. छत होतं तिथंच होतं. सांध्यावर केसाएवढीही चीर नव्हती.

ताई बाहेर आल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "झोपा खुशाल."

पुढच्या आठवड्यात गुरुजी स्वतः मोंढ्यात उभे राहून लोकांना सांगत होते, "स्लॅब टाकायचा तर यांच्याकडून टाका. चुकले तर सांगतात." आमच्या भागात याहून मोठी जाहिरात नाही. सुटलेल्या दोन कामांपैकी एक परत आलं. त्या कामावर ताईंनी नारळ सखूबाईंच्याच हाती दिला. "आत्याबाई, मशिनीला नारळ दावा. गूळ बायांच्या हातावर ठिवा." म्हातारीनं नारळ एका घावात फोडला.

पुढे दुसरा मिक्सर आला, मग माल वर चढवणारी लिफ्ट, आणि बऱ्याच वर्षांनी थोरले चिरंजीव रमेशराव यांनी पहिला पंप आणला. आम्ही सगळे नळीतून वर चढणाऱ्या मालाकडे तोंड वासून पाहत होतो. ताईंनी विचारलं, "रमेश, हा चांगला माल भराभर नेतो. बिघडलेलाही तेवढाच भराभर नेईल ना? मग आपल्याला कळंल कवा?" तेव्हापासून पहिला माल त्यांच्या माणसानं हातात घेऊन पाहिल्याशिवाय पंप सुरू होत नाही, आणि चहाची किटली पंपाच्या गाडीपासून पंधरा हात लांब असते. नवे कामगार हसतात. हसू द्या. काळजीच या घराचं खरं भांडवल आहे.

पण आता आम्हांला काळजी ताईंची वाटते. गुडघे साथ देत नाहीत, डॉक्टरांनी शिडी बंद केली आहे, तरी कुठे स्लॅब पडला की दुसऱ्या सकाळी त्या तिथं हजर. परवा बिनकठड्याच्या जिन्यावर अर्ध्यात सापडल्या.

ताई, आपल्या पंचाहत्तरीनिमित्त या सेवकाची एकच विनवणी आहे. काळजी करायला आपण आम्हांला शिकवलंत, आता ती आमच्यावर सोपवा. सकाळी वर आम्ही जाऊ. माल धरला असेल तर धरला म्हणू, नसेल तर नाही म्हणू, आपल्यापासून काही लपवणार नाही. आपण ओट्यावर बसून ते ऐकावं, नाही पटलं तर आम्हांला पुन्हा वर पिटाळावं, आणि असं पिटाळायला शंभरी ओलांडेपर्यंत धडधाकट राहावं.