मुलांच्या पाठीला लाकूड जुळवणाऱ्या इंदुताई

इंदुताई पांचाळ यांना मी प्रथम पाहिलं ते लातूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात. मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. लातूरला मावशीकडे आले होते आणि व्यायामाच्या दोरीसाठी कप्पी हवी म्हणून दुकानात शिरले. काउंटरवर लाकूड घासायच्या दातेरी कानशींचा ढीग पडला होता. चष्मा लावलेल्या एक वयस्क बाई एकेक कानस उचलून तिच्या दातांवरून अलगद अंगठा फिरवत होत्या, पिशवीतून आणलेल्या लाकडाच्या तुकड्यावर घासून बघत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. दुकानदार वैतागले.

“बाई, कानस हाय ती, साडी न्हाई!”

“साडी असती तर एवढं बघितलं नसतं,” त्या हसून म्हणाल्या. “ही लेकराच्या पाठीसाठी हाय.”

लेकराच्या पाठीला कानस कशाला, हे मला कळेना. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “चला घरी. च्या बी होईल, बघणं बी होईल.” आम्ही ऑटोत बसलो. त्या ओळखीला पुढे कामाचं नातं जडलं, आणि आज ताईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहिताना ते नातं किती जुनं झालं याचं मलाच नवल वाटतं.

ताई शाळेत कार्यानुभवाच्या शिक्षिका होत्या. सुतारकाम वडिलांकडून शिकलेल्या. निवृत्तीच्या सुमारास त्यांच्या एका सहकारी बाईंच्या नातवाला मान आणि पाठ सावरता येत नव्हती. बाजारची कुठलीच खुर्ची त्याला जमेना, म्हणून ताईंनी त्याच्या अंगाच्या वळणानुसार शिवणीच्या लाकडाची खुर्ची घडवली. तेव्हापासून हेच त्यांचं काम झालं. पुढे मुलाला तपासून आधार कुठे हवा हे मी सांगायचं आणि ताईंनी खुर्ची करायची, अशी आमची जोडी जमली.

हत्यार निवडण्याबाबत ताई फार काटेकोर आहेत. यंत्रावर काढलेल्या कानशीचे दात सरळ रांगेत असतात, ते लाकडावर रेघा उठवतात. हाताने उठवलेले दात थोडे वेडेवाकडे असतात, म्हणूनच त्या कानशीने लाकूड मऊ निघतं. बैठकीच्या खोलगट भागाला अर्धगोल कानस, मानेच्या आधाराला बारीक गोल. पण ताई यंत्राच्या विरोधात मुळीच नाहीत. साठी उलटल्यावर त्या ग्राइंडर शिकल्या. दातेरी चकती लावून बैठक कोरायची, अडचणीच्या जागी छोटा फिरता दातेरी गोळा वापरायचा आणि आकार जवळ आला की यंत्र बंद करून कानस हाती घ्यायची, ही त्यांची रीत. कामाच्या खोलीत त्या पंजाबी ड्रेस घालतात, तोही ओढणीशिवाय. शेजारणींनी या वयात हे काय म्हणून विचारलं, तेव्हा ताईंचं उत्तर होतं, “ग्राइंडरला लाज कळत न्हाई. ओढणी दिसली की ओढतंय.”

त्यांचं मोठेपण मला खऱ्या अर्थाने कळलं ते माहूरला. तिथल्या रेणू नावाच्या लहान मुलीला जन्मापासून बसता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. तिचे वडील देवीच्या गडाच्या पायथ्याशी हळदीकुंकवाचं दुकान चालवतात. आई तिला मांडीवर आडवी घेऊन भरवायची. घास श्वासनलिकेत जायचा, ठसका लागायचा आणि छातीत कफ भरायचा. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, तिला बसवूनच भरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईंनी खुर्ची केली आणि आम्ही दोघी ती घेऊन माहूरला गेलो. ती इतकी देखणी झाली होती, की बघायला गल्ली जमली. रेणूला बसवलं. थोड्या वेळाने उचललं, तर पाठीच्या एका बाजूला लाल वळ उठला होता.

“राहू द्या ताई,” आई म्हणाली. “एवढं तर सहन करंल ती. तुम्ही एवढ्या लांबून आल्या.”

“बोलता येत न्हाई म्हणून सहन करायचं का तिनं?” ताई म्हणाल्या आणि पिशवी उघडली.

खुर्ची लातूरला परत न्यायला वेळ नव्हता. ताईंनी ओसरीवर ग्राइंडर लावला. तो सुरू होताच रेणूचं सगळं अंग ताठ झालं. ती किंचाळून रडू लागली. ताईंनी लगेच बटण बंद केलं. यंत्राने पटकन झालं असतं, परतीची एसटीही मिळाली असती. मी म्हणाले, “मी तिला आत नेते, तुम्ही उरका.”

“नको. भिंतीतून बी आवाज जाईल. आन् मग ह्याच खुर्चीची भीती बसंल तिला.”

मग ताईंनी खुर्ची भिंतीला टेकवून गुडघ्यात धरली आणि अर्धगोल कानस चालवायला घेतली. खर्र, खर्र. भुसा उडू नये म्हणून रेणू दाराच्या आत, आईच्या कडेवर होती. थोड्या वेळाने तिचं रडं थांबलं. मग प्रत्येक खर्रला ती हसू लागली. ताईही मुद्दाम थांबायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि पुन्हा कानस ओढायच्या. थोडं घासायचं, भुसा पुसायचा, रेणूला बसवायचं, पाठ बघायची. दुपार अशीच गेली. मनगट दुखत होतं, ते ताई दुसऱ्या हाताने दाबत होत्या. एसटी निघून गेली.

उन्हं कलली तेव्हा रेणू बसली. उचलून पाहिलं, पाठ स्वच्छ होती. आईने वरणभात कालवला. पहिला घास गेला, ठसका नाही. दुसरा गेला. रेणू रस्त्याने जाणारी माणसं बघत खात होती. ताईंनी आईच्या हातातला चमचा काढून घेतला.

“आता मी भरवते. तुम्ही तुमचं ताट वाढून घ्या. गरम हाय तवर खा.”

“गरम?” ती माउली म्हणाली. “ताई, पोरगी झाल्यापासून गरम जेवणं इसरूनच गेली मी.” आणि ती ताटावर बसून रडत रडत जेवली. त्या रात्री आम्ही त्यांच्याकडेच मुक्काम केला. रेणू आज शाळेत जाते आणि वर्गात ताईंच्या खुर्चीत सगळ्यांसारखी बसते.

अमृतमहोत्सवाच्या समारंभाची बातमी सांगितली तेव्हा ताई म्हणाल्या, “सत्कार कशाला? लेकरं वाढायलीत, खुर्च्या आखूड व्हायल्यात. माप घ्यायला कधी येता?”

ताई, लवकरच येते. तुमच्या खुर्च्यांत बसलेली मुलं अजून खूप वाढायची आहेत. त्यांची उंची जिथवर जाईल तिथवर तुमचं आयुष्य जावो, मनगटाचं दुखणं सरो, नजर अशीच तीक्ष्ण राहो. आणि एखाद्या दुपारी, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, तुमच्यासाठीही कुणी गरम ताट वाढून ठेवो.