बोट द्या, बोट बघा

आत्याच्या घरी टीव्हीच्या वर एक फोटो आहे. मागे पांढरी बोट, पुढे आत्या आणि आत्याच्या हातात लिंबांची पिशवी. फोटो तिरका आलाय. बोट आता चढ चढणार असं वाटतं. तो आतोबांनी काढलाय, आणि ज्यांच्या घरात दुसरी एकही वस्तू तिरकी राहू शकत नाही ते हेच आतोबा. येणारे-जाणारे विचारतात, बोटीवर लिंबं विकायला गेला होतात का? मग आत्या सांगायला लागते आणि आतोबा खोडायला लागतात. मी दोघांचंही पुष्कळदा ऐकलंय. खोडून जे उरलं ते असं.

आत्या रक्तपेढीत होती. रक्त द्यायला आलेल्या माणसाचं आधी बोट टोचून एक थेंब तपासतात. तो थेंब काढायचं काम तिचं. नोकरीभर तिने दुसरं काही केलं नाही. माणूस सुईकडे बघत राहिला की हात आखडतो, म्हणून त्याला दुसरीकडे बघायला लावायचं असतं. तिच्या खुर्चीमागे एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर निळ्या पाण्यातली पांढरी बोट. वर्ष संपलं, तारखा निकामी झाल्या, पण चित्रासाठी कॅलेंडर भिंतीवरच राहिलं. आत्या म्हणायची, "बोट द्या आणि बोट बघा." नवखा माणूस गडबडायचा, कुठलं द्यायचं आणि कुठलं बघायचं! तेवढ्यात काम झालेलं असायचं. मग कापसाचा बोळा देताना ती समजावून सांगायची, "ते द्यायचं, ती बघायची."

अशी सगळ्या गावाने ती बोट बघितली. आत्याची मात्र तिच्याकडे कायम पाठ. निवृत्त झाली त्या दिवशी तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळी करून घरी आणलं आणि आतोबांना म्हणाली, "लोकांनी खूप बघितली. आता मी बघणार. आपण दोघं बघणार."

"मला बोट लागते," आतोबा म्हणाले.

हे ते लग्नापासून म्हणत आलेत. आत्याने विचारलं, "बोटीत बसलात कधी?"

"बसलो नाही, म्हणूनच अजून लागली नाही."

या युक्तिवादाला आमच्या घराण्यात आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

आतोबांचं दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. काटा सपाट जागेवर नसेल तर खोटं बोलतो, हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं तत्त्वज्ञान. खिशात पेनाच्या जागी एक लहानशी लेव्हल असते, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जग जागेवर. आमच्याकडे जेवायला आले तरी आधी टेबलावर लेव्हल ठेवतात, पायाखाली कागदाची घडी सारतात आणि मगच ताट पुढे ओढतात. अशा माणसाला समुद्रावर न्यायचं आत्याच्या मनात आलं. तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला सुईसुद्धा कामाची नाही.

सहलीच्या ऑफिसात मुलगी चांगली होती. तिने सांगितलं, पोटाचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, अगदी मधली खोली घ्या, तिथे हलणं कमी. पण त्या खोलीला खिडकी नव्हती. आत्याने क्षणभर ओठ दाबले आणि खिडकी सोडून दिली. एक गोष्ट तिच्या आधीच लक्षात आली होती: बोटीत बसलं की बोट दिसत नाही. कॅलेंडरात दिसते तशी अख्खी बघायची तर बाहेर उभं राहायला पाहिजे. वाटेत बोट एकाच बंदराला थांबणार होती, अर्धा दिवस. तिथे उतरायचं आणि दोघांनी तिच्यासमोर उभं राहायचं. "दोघांनी," हे आत्याने त्या मुलीलाही सांगितलं, जिचा यात काही संबंध नव्हता.

तयारी झाली. गोळ्या, आलं, लिंबं. एका रात्री जेवायला कोट घालून बसायचं असतं असं कळल्यावर माझ्या बाबांनी आपला कोट दिला. तो आतोबांना दंडात आवळत होता. बाबा म्हणाले, "हात वर केला नाही म्हणजे झालं."

"बुडालो तरच करीन," आतोबा म्हणाले.

बोटीत शिरायची वाट एका बंद बोगद्यासारख्या बोळातून होती. दोन्हीकडे पत्रा, पायाखाली गालिचा. आत्या मान उंचावून शोधत होती. शेवटी तिने गणवेशातल्या माणसाला विचारलं, "बोट कुठाय?" तो हसून म्हणाला, "बाई, तुम्ही बोटीतच उभ्या आहात." परत उतरतानाही हाच बोळ, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे आता सगळी भिस्त त्या मधल्या बंदरावर.

खोलीत गेल्या गेल्या आतोबांनी टेबलावर लेव्हल ठेवली. बुडबुडा जरासा सरकला आणि परत आला. एवढं बघितलं आणि आतोबा बाथरूमकडे धावले. बोट अजून धक्क्याला लागलेलीच होती, दोरखंड सुटले नव्हते, आणि आतोबांना बोट लागलीसुद्धा.

पुढे खऱ्या समुद्रावर काय झालं ते सांगण्यासारखं नाही आणि आतोबा सांगूही देत नाहीत. ते पलंगावर, लेव्हल उशाशी. आत्या दर थोड्या वेळाने लिंबू घेऊन खाली यायची, आणि ते डोळे न उघडता म्हणायचे, "तू जा गं वर." ती जायची. वर पांढऱ्या चादरीचं टेबल होतं, कुणीतरी खुर्ची मागे ओढून देत होतं, सूप पुढ्यात येत होतं, आणि भांडी कुठे जातात हे विचारायचं कारण नव्हतं. एकदा तर बँड वाजत असताना तिचा पाय टेबलाखाली आपोआप ठेका धरू लागला. "मजा येत होती गं," ती मला म्हणाली. "आणि मजा येतेय याचंच वाईट वाटत होतं." कोटाच्या रात्री कोट कपाटातच लटकत राहिला. आत्याच्या समोरची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या खोलीतल्या एक गप्पिष्ट बाई तिथे येऊन बसल्या आणि आत्याच्या वाटणीचंही बोलल्या.

बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी आत्याने खाली येऊन सांगितलं, "उद्या उतरायचंय."

"तू जाऊन ये. मी इथे आहेच."

"तुम्हाला बरं नसेल तर मी पण नाही उतरणार."

"अगं, बघायची होती ना तुला?"

"एकटीला बघायची असती तर कॅलेंडर काय वाईट होतं?"

यावर आतोबांनी भिंतीकडे कूस बदलली. आत्याला वाटलं, झालं, संपलं. दिवा मालवून ती पडून राहिली आणि तिला स्वतःचाच राग आला. साठीच्या माणसाला फरपटत आणलं, त्याचे हाल केले, आणि कशासाठी, तर भिंतीवरच्या एका चित्रासाठी.

सकाळी ते झोपलेले बघून ती आवाज न करता वर गेली. बोट धक्क्याला टेकली होती. बाहेर पडायच्या दाराशी रांग लागली होती, आत्याही त्यात जाऊन उभी राहिली. उतरायचं नाही असं ठरवूनही माणूस रांगेत कसा उभा राहतो, हे मी तिला विचारलं नाही. रांग पुढे सरकत होती. दारातून उन्हाची तिरीप आणि डांबराचा वास येत होता. तेवढ्यात त्या गप्पिष्ट बाई मागून धापा टाकत आल्या.

"अहो, तुमच्या यांनी निरोप दिलाय. खोलीच्या दारात उभे होते. म्हणाले, तिला सांगा, बोट लागली."

धक्का तर आत्याला दारातून समोर दिसत होता. ते कुणी खालून मुद्दाम कशाला कळवेल? तिने रांग सोडली. आधी जेवणघरात गेली, तिथल्या माणसाकडून लिंबं मागून घेतली. त्याने पिशवीभर दिली. लिफ्टला गर्दी, म्हणून जिन्याने निघाली. एकेक मजला उतरताना तिने बोटीच्या नावाने बोटं मोडली, कॅलेंडरच्या नावाने मोडली, आणि शेवटच्या जिन्यावर तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने खोलीचं दार ढकललं.

आतोबा मधोमध उभे. दाढी केलेली, पायात बूट, अंगात बाबांचा कोट.

"होतीस कुठे? बोट कधीची लागली!"

"किती वेळा?"

"किती वेळा काय? एकदाच लागते."

"गोळी घेतलीत?"

"बोट लागल्यावर गोळी कशाला घेतात?"

मग आत्याचं लक्ष उशाशी गेलं. बुडबुडा नळीच्या मधोमध उभा होता, जरासुद्धा न हलता. खोलीला खिडकी नव्हती, पण आतोबांना बंदर आल्याचं त्या बुडबुड्याने सांगितलं होतं. त्यांनी लेव्हल उचलून खिशात घातली आणि म्हणाले, "चल, उशीर नको. आणि ही लिंबं कुणासाठी?"

आत्या हसायला लागली. हसता हसता परत रडली. आतोबा म्हणतात, नुसती हसली.

आता दारातून धक्क्यावर उतरायला एक उतरता, कठडे असलेला पूल होता. त्याचं वरचं टोक बोटीला, खालचं धक्क्यावर, आणि बोटीच्या श्वासाबरोबर तो अगदी थोडासा वर-खाली होत होता. फळ्यांच्या फटींतून हिरवं पाणी दिसत होतं. आतोबांनी पहिलं पाऊल टाकलं आणि थबकले. खिशातून लेव्हल निघाली. बुडबुडा एका टोकाला पळाला. मागे माणसं खोळंबली, कुणीतरी खाकरलं. आत्याने त्यांच्या हातातून लेव्हल काढून घेतली आणि लिंबांच्या पिशवीत टाकली. मग ती उलटी फिरली, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि नोकरीभर म्हणत आलेलं वाक्य तिच्या तोंडून आपसूक निघालं.

"बोट द्या."

त्यांनी दिलं, टोचायला दिल्यासारखं. तिने ते मुठीत धरलं.

"आणि बघू काय?" आतोबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बोट तर मागे राहिली."

"मग माझ्याकडे बघा."

आत्या एकेक पाऊल मागे टाकत उलटी उतरत गेली. आतोबा तिच्या मागोमाग उतरले, आणि जमिनीला पाय लागेपर्यंत त्यांनी नजर दुसरीकडे वळवली नाही. एवढं मात्र ते खोडत नाहीत.