डब्यातलं भरीत

समुपदेशन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसूच आलं. उपदेशाची मला कुठे टंचाई होती? जळगावला मेहरूण तलावाकडे माझी भाड्याची खोली होती, आणि कंबर धरली त्या वर्षापासून तिथे जो येई तो काही ना काही सांगून जाई. एरंडेल चोळा, वातूळ खाऊ नका, आणि जाता जाता, आवाज खाली आणून, वेळेवर लग्न केलं असतंत तर ही वेळ आली नसती. शाळेत शिकवणारी, चाळिशी उलटलेली, एकटी बाई. तिला काहीही सांगायला लोकांना संकोच वाटत नाही.

त्यातून एक्स-रेत काही निघालं नाही. फोटोत काही नाही म्हणजे बाईंना काही नाही, असा निकाल लागला. शिक्षकांच्या खोलीत मी खुर्चीवरून उठताना ओठ चावला, की कोणीतरी हटकून खिडकीबाहेर बघे. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. कळलं मात्र तेव्हा.

ज्या डॉक्टरांनी वजनं लावून मला पंधरा दिवस खाटेवर पाडून ठेवलं होतं, त्यांनीच शेवटी हात टेकले आणि धुळ्याचा पत्ता दिला. तिथल्या एका दवाखान्यात एक बाई दर शनिवारी जुनी दुखणी असलेल्या माणसांशी बोलत बसतात, म्हणाले. शनिवारी शाळा सकाळची. सुटली की एसटी पकडायची, आणि एरंडोल, पारोळा करत, प्रत्येक खड्डा कंबरेत झेलत दुपारी धुळ्याला उतरायचं.

त्या बाई माझ्याहून लहान होत्या. टेबलामागे न बसता त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाल्या, “बसवत नसेल तर उभ्या राहा, फेऱ्या मारा. इथे चालतं.” मी तासभर उभी राहून गाऱ्हाणं गायलं. त्या मधूनच एखादं वाक्य बोलत. “म्हणजे दुखतं ते कोणाला दिसत नाही.” अहो, मी तेच तर म्हटलं होतं! प्रश्नातलंच वाक्य उत्तरात उतरवणाऱ्या मुलांना मी कधी मार्क दिले नाहीत. परतीच्या एसटीत मी धुमसत होते. पण पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, कारण त्या तासाभरात मला कोणी तेल सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला भरताचा विषय निघाला. आमचं गाव रावेरकडचं, केळीच्या मुलखातलं. हिवाळ्यात बागेत भरताची पंगत घालायची, ही तिकडची रीत. पांढुरकी हिरवी वांगी कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, पुरुषांनी ती बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, ठेचायची, आणि सगळ्यांनी जमिनीवर मांडी घालून केळीच्या पानावर जेवायचं. माझा धाकटा भाऊ गावी शेती बघायचा. माझी कंबर गेली त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने खास माझ्यासाठी ग्रामपंचायतीतली खुर्ची आणवली. खाली ओळीने सगळं गाव, आणि मी एकटी वर, मांडीवर पान घेऊन, तपासणीला आलेल्या साहेबासारखी. माझ्याशी बोलायचं तर मान वर करावी लागे, म्हणून कोणी बोललंच नाही. असून अडचण, नसून खोळंबा. पुढच्या वर्षी मी कळवलं, जमणार नाही. भावाने केळीच्या ट्रकवाल्याबरोबर डबा पाठवला. त्यानंतर दर हिवाळ्यात डबा येऊ लागला आणि बोलावणं बंद झालं.

“डबा आला की तुम्ही काय करता?” बाईंनी विचारलं.

“खाते. दुसरं काय करणार?”

त्या गप्प राहिल्या. मला गप्प बसलेलं माणूस सोसत नाही. मीच सांगत सुटले, की पलंगाशी उभ्यानेच खाते, गार झालेलं असतं, डबा धुऊन परत धाडते, आत चिठ्ठी घालते की फार छान झालं होतं. आणि सांगता सांगता मला रडू फुटलं. “आठ वर्षं झाली,” मी म्हटलं. “मला कोणी बोलावतच नाही.”

“आठ वर्षं,” त्या म्हणाल्या.

“मग मी काय करू?”

“तुम्हाला काय करावंसं वाटतं?”

माझं डोकंच फिरलं. एवढे खड्डे खाऊन आलेल्या बाईला तिचाच प्रश्न परत! मी पिशवी उचलून निघाले. पण पारोळा यायच्या आत माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलासुद्धा नाही. मला जायचं होतं. दुखलं तरी जायचं होतं. भीती एकच होती, की मला पाहून त्यांच्या तोंडावर दिसेल, हिच्यावाचून आपलं बरं चाललं होतं.

पंगतीचा दिवस ट्रकवाल्याकडून काढून घेतला आणि पौषातल्या एका रविवारी मी न कळवता गेले. बागेत पानं मांडून झाली होती. मला बघून सगळ्यांच्या माना वळल्या, आणि मी एकेकाचं तोंड वाचू लागले. भाऊ धावत आला आणि तसाच खुर्ची आणायला वळला.

“खुर्ची नको,” मी म्हटलं. “पोतं टाक इथी.”

“अक्का, तुले दुखीन ना!”

“घरी बी दुखतंच.”

ओळीच्या टोकाला पोतं टाकलं आणि मी त्यावर डाव्या कुशीला आडवी झाले. वहिनीने पान माझ्या तोंडाजवळ सरकवलं. मास्तरीणबाई लोळत जेवतात म्हणून पोरं हसली, मग मलाही हसू आलं. भरीत इतकं गरम होतं की बोटं भाजली.

भाऊ माझ्या पाठीमागे बसला. उजव्या कुशीवर मला वळता येत नसे, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. बराच वेळ जेवल्यावर तो हळूच म्हणाला, “दरसाली मी यक पान जास्तीचं मांडतो. तुह्यासाठी. मंग सगये बसले का उचलून घेतो.”

“मंग मले बलावलं काहून नाही?”

“तुले तरास व्हईन म्हनून. आन् तूच तं नाही म्हने.”

मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा. आठ हिवाळे तो इथे पान मांडत होता, उचलत होता, आणि मी तिकडे उभ्याने जेवत होते. ते हिवाळे आता कोणीच परत देणार नव्हतं. कंबरेतून कळ पायात उतरू लागली होती. भावाने उष्टा हात तसाच धरून डावा हात माझ्या पाठीवर ठेवला, नेमका ठणका होता तिथे. जास्तच दुखलं. हात काढ, असं मी म्हटलं नाही.