मामींनी पसंत केलेलं मशीन

कपडे धुण्याच्या यंत्राची मुलाखत घेणारं एकच माणूस आदिलाबाद जिल्ह्यात आजवर निपजलं आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोच्या मामी. मामींची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. भाजीवाल्यानं जुडीत दडपलेली पिवळी पानं त्या नुसत्या वासावर हुडकून काढतात. मी दारात पाऊल ठेवलं की, "जवाईबापू, चप्पल घासली तुमची, नवी घ्या," म्हणून मोकळ्या होतात. त्यांच्यासमोर मी आजही पोट आत घेऊन बसतो. मामा गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. मुलगा मंचेरियलला नोकरीला. दर पंधरवड्याला यायचा आणि एकच धोशा लावायचा, "माय, चाल माह्यासंग." यंदा गुडघ्यांनी दगा दिला, दगडाशी बसून धुणं होईना, आणि मुलाला आयतं कारण सापडलं. "धुणं दुसऱ्याच्या हाती गेलं का मीबी गेली समजा," असं म्हणून मामी मला घेऊन थेट दुकानात शिरल्या.

दुकानदारानं सगळ्यात महागडं यंत्र पुढे केलं. "अम्मा, बटन ही नहीं, सिर्फ छूना है." मामींनी गुळगुळीत काचेवरून हात फिरवला. "कुठं छूना, हे ही काच मले सांगन काय?" मग त्यांनी त्याला खिशातली दस्ती काढून स्वतःच्याच डोळ्यांवर बांधायला लावली. बिचाऱ्यानं चाचपडत कुठंतरी बोट टेकवलं. यंत्र टूं वाजलं. "काय झालं?" मामींनी विचारलं. "मालूम नहीं अम्मा." "मंग मले कसं मालूम होईन?" दुसऱ्या यंत्राचं निवडीचं चक्र मामींच्या बोटांखाली न अडता गोल फिरतच राहिलं. "याले सुरुवातच नाई, मोजू कुठून?" म्हणून तेही नापास झालं. शेवटी कोपऱ्यातलं एक जुनं मॉडेल निघालं. त्याचं चक्र खटखट करत ठरल्या जागी अडायचं, बटण दाबलं की आत जाऊन बसायचं. मामींनी ते झाकणापासून नळीपर्यंत चाचपलं आणि निकाल दिला, "हे बोलते." दुकानदार अजून दस्ती बांधूनच उभा होता.

घरी मामींनी खड्याच्या टिकल्यांचं पाकीट काढलं. मामा गेल्यापासून ते तसंच पडून होतं. एक टिकली रोजच्या कपड्यांच्या खुणेवर बसली, एक चादरींच्या. पुढच्या खेपेला मुलगा आला, तेव्हा मीही तिथंच होतो. त्याचा प्रवासात मळलेला शर्ट मामींनी अंगावरून उतरवून घेतला, मशीनमध्ये धुतला, तारेवर वाळवला आणि घडी करून त्याच्या हाती दिला. मला तर त्या बाईला हात जोडावेसे वाटले. मंचेरियलचं नावही न काढता मुलगा परत गेला.

परवा मी गेलो, तेव्हा मामी मोठ्या ऐटीत म्हणाल्या, "आता तो मले न्यायले नाई येत, भेटाले येते."

न्यायला तो दर पंधरवड्याला यायचा. भेटायला येतो तो सणावारी. मी तोंड उघडायच्या आत मामींनीच दुसरा विषय काढला.